पाणी मुरते कोठे?

आमच्या चर्चच्या आवारात दर पावसाळ्यात पाणी तुंबते. पूर्वी तुंबत नसे. पूर्वी तेथे माती होती, आंब्याची दोन झाडे होती आणि मिस्सेला येणारी माणसे पायी अथवा सायकलीने येत. पुढे मोटारी आल्या, चिखल नकोसा झाला आणि मोठ्या हौसेने सारे आवार सिमेंटने बांधून काढण्यात आले. त्या वेळी आम्ही येथे नव्हतो. असतो तर आम्हीही तेच केले असते, हे कबूल केलेले बरे. स्वच्छ, सपाट, धुऊन काढता येईल असे आवार कोणाला आवडत नाही? मात्र २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरारचा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, तेव्हा आपण पाण्याच्या सर्व वाटा आपल्याच हातांनी बंद केल्या आहेत याची जाणीव पुष्कळांना झाली. बावखले बुजविली, शेते बुजविली, आणि जी जमीन उरली तिच्यावर झाकण ठेवले.

गेल्या वर्षी सिमेंटला तडे गेले व आवार नव्याने करण्याचा प्रश्न अर्थसमितीपुढे आला. धर्मग्रामातील एका तरुण अभियंत्याने सुचविले की, या खेपेस सच्छिद्र डांबराचा थर घालावा, म्हणजे पाणी वर न साचता त्यातून खाली जिरेल. शिवाय त्या डांबरात टाकाऊ प्लास्टिक व जुन्या टायरांचा भुगा मिसळावा. खर्च वाचेल आणि कचऱ्याचीही सोय लागेल. सूचना सर्वांना इतकी आवडली की, युवक-युवतींनी महिनाभरात घरोघर फिरून प्लास्टिकच्या ४२ गोणी जमविल्या व सभागृहामागच्या पडवीत रचून ठेवल्या. रविवारी मिस्सेनंतर लोक त्या गोणी पाहावयास जात. आम्हांलाही कौतुक वाटले. प्रवचनात जे वर्षानुवर्षे सांगून साधले नव्हते ते या मुलांनी करून दाखविले, असे आम्ही दोनतीनदा बोलूनही गेलो.

पुढच्या सभेत सारे काही ठरल्यात जमा होते. उठता उठता एक वयस्क बाई बोलल्या. चर्चच्या उताराला लागूनच त्यांची वाडी आहे. त्या म्हणाल्या, "फादर, पाणी रस्त्यातून खाली जाणार म्हणता, हे चांगलंच झालं. पण खाली म्हणजे कुठे? खाली तर माझी विहीर आहे."

कोणी काही बोलले नाही. आपल्या भाषेत संशय आला म्हणजे म्हणतात, पाणी कोठेतरी मुरते आहे. मावशींनी तोच प्रश्न वाच्यार्थाने विचारला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांला बऱ्याच गोष्टी वाचाव्या लागल्या, काहींचा विचार करावा लागला. वाचकांपुढे ते ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

प्रथम हा रस्ता असतो कसा ते पाहू. नेहमीच्या डांबरी रस्त्यात मोठी खडी, लहान खडी व बारीक कच अशा प्रमाणात मिसळतात की, एकीची फट दुसरीने भरून निघावी. रोलर फिरून गेल्यावर शंभर भागांत जेमतेम चार-पाच भाग पोकळी उरते, आणि तीही तुटक तुटक. म्हणून पाणी वरच राहते व उताराने गटाराकडे धावते. सच्छिद्र डांबरात बारीक कच जवळजवळ वगळतात. खडीचे तुकडे केवळ टोकाटोकांनी एकमेकांना चिकटून राहतात आणि मधल्या पोकळ्या शंभरात १८ ते २० भागांपर्यंत जातात, शिवाय एकमेकींना जोडलेल्या असतात. त्याखाली एकाच आकाराच्या, धुतलेल्या खडीचा जाड थर असतो. त्यात ४० टक्क्यांच्या आसपास पोकळी असते. तो थर म्हणजे जमिनीखालचा हौदच. वरून आलेले पाणी तेथे थांबते व सावकाश मातीत जिरते. म्हणूनच या कामात तळची माती रोलरने दाबावयाची नसते, हे ऐकून आमच्या जुन्या कंत्राटदाराला मोठा अचंबा वाटला. आयुष्यभर माती दाबीत आलेल्या माणसाला ती मोकळी ठेवण्यास सांगणे कठीणच.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये १९७० च्या सुमारास तिच्यावर काम झाले. १९७७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉल्डन तळ्यापाशी अशा डांबराचा वाहनतळ बांधण्यात आला व तो पुढे अनेक दशके पाणी जिरवीत राहिला. याच तळ्याकाठी झोपडी बांधून थोरो राहिला होता आणि १८५४ साली त्याने तळ्याच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. एकांत शोधावयास गेलेल्या माणसाच्या तळ्यापाशी मोटारी उभ्या करण्याची सोय करावी लागावी, ही काळाने केलेली थट्टाच म्हणावयाची. नेदरलँड्समध्ये बहुतेक महामार्गांचा वरचा थर सच्छिद्र डांबराचा आहे. तेथे मुख्य हेतू चाकांचा गोंगाट कमी व्हावा हा आहे, आणि पाणी त्या थरातून कडेला निघून जाते.

प्लास्टिकच्या रस्त्याची कथा मात्र आपल्या देशातील आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी पिशव्या, पेले, वेष्टने यांचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकून पाहिले. सुमारे १६० ते १७० अंश तापमानाला ते वितळून खडीवर पातळ साय धरतात, आणि मग त्यावर डांबर अधिक घट्ट चिकटते. २००२ साली महाविद्यालयाच्या आवारात असा रस्ता झाला. २०१३ साली इंडियन रोड्स काँग्रेसने त्याची मार्गदर्शिका काढली. २०१५ साली केंद्र सरकारने मोठ्या शहरांच्या परिसरात डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचा आदेश दिला. २०१८ साली वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. आपली पद्धत त्यांनी सरकारला विनामूल्य दिली. ३.७५ मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यात साधारण एक टन प्लास्टिक खपते. अशा माणसाविषयी आदर बाळगूनच पुढचे लिहीत आहोत.

कचरा म्हणजे काय, हा प्रश्न सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला कोणी विचारला नव्हता. द्रव्य व आकार यांची चर्चा पुष्कळ झाली. लाकूड हे द्रव्य, खुर्ची हा आकार, इत्यादी. पण खुर्ची मोडल्यावर तिचे काय होते याबद्दल गुरुजन बोलले नाहीत. आता वाटते, कचरा हे कोणत्याही वस्तूचे नाव नाही. ज्या वस्तूशी असलेले नाते आपण तोडले तिला आपण कचरा म्हणतो. दुधाची पिशवी सकाळी सात वाजता दुधाची पिशवी असते आणि सव्वासातला कचरा होते. या पंधरा मिनिटांत तिच्यात काही पालटत नाही, पालटतो तो आमचा हात. या दृष्टीने पाहता, टाकलेली वस्तू पुन्हा उचलून कामास लावणे हे तुटलेले नाते जोडण्यासारखे आहे, आणि म्हणूनच त्यात एक खरा आनंद आहे. मुलांच्या डोळ्यांत आम्ही तो पाहिला.

परंतु तेथेच एक भुलवणारी गोष्टही आहे. कचरा उपयोगी पडला की, तो आपण केला याची टोचणी संपते. त्या ४२ गोणींची गंमत सांगतो. आपली गोणी इतरांच्या आधी भरावी म्हणून एका मुलाने आठवडाभर घरातल्या कापडी पिशव्या दडवून ठेवल्या व आईला बाजारातून प्लास्टिकच्याच पिशव्या आणावयास लावल्या. राज्यात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे, तरी त्या मिळतात हे सांगावयास नको. त्याच्या आईनेच हे हसत हसत सांगितले, आम्हीही हसलो. रात्री मात्र त्या मुलाची आठवण झाली. त्याने चूक काय केली? आम्ही सर्वांनी मिळून प्लास्टिकला पुण्याचे माप केले होते; त्याने ते माप भरले.

जक्कयाची गोष्ट आपणा सर्वांस पाठ आहे. ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करीन, असे तो म्हणाला. लुबाडलेल्या पैशातून यरीहोत चांगला रस्ता बांधून देतो, असे तो म्हणाला नाही. तसे म्हणाला असता तर यरीहोचे लोक बहुधा खूश झाले असते, त्याच्या नावाची पाटीही लागली असती. पण ज्याचे नाडले गेले त्याच्याकडे परत जाणे राहून गेले असते. नीतिशास्त्रात भरपाई म्हणतात ती अशी दिशा असलेली गोष्ट आहे. कचऱ्याने ज्यांचे नुकसान केले ते कोण? ओढ्यातील मासे, डम्पिंगशेजारची वस्ती, पुढची पिढी. आमच्या आवारातील रस्ता त्यांच्यापैकी कोणाकडेही जात नव्हता. तो आमच्याच दारात संपत होता.

आता मावशींच्या विहिरीकडे वळू. नेहमीच्या घट्ट रस्त्यात घातलेले प्लास्टिक डांबरात व खडीत कोंडलेले राहते. रस्ता झिजेल तसे तेही झिजते, पण पाणी त्याच्या पोटात शिरत नाही. सच्छिद्र रस्त्याचा सारा गुण पाणी पोटात घेण्यात आहे. प्रत्येक सरीबरोबर प्रत्येक पोकळी धुतली जाते. म्हणजे एका रस्त्यात जे चालेल ते दुसऱ्यात चालेलच असे नाही, ही साधी गोष्ट आमच्या सभेत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. दोन चांगल्या कल्पना एकत्र केल्या की तिसरी चांगलीच होणार, असे आपण गृहीत धरतो.

टायरांचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिअ‍ॅटल शहराजवळ प्युजेट साउंड नावाची खाडी आहे. तिला मिळणाऱ्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून अंडी घालण्यास परततात. शहरी ओढ्यांतील हे मासे पाऊस पडून गेला की अंडी घालण्याआधीच मरत. कित्येक वर्षे कारण सापडेना. अखेर २०२० साली संशोधकांनी ते शोधून काढले. टायर लवकर तडकू नयेत म्हणून त्यांच्या रबरात एक रसायन घालतात. हवेतील ओझोनशी संयोग होऊन त्याचे जे रूप बनते ते या माशांना मारक ठरते. टायर रस्त्यावर घासून झिजतात, भुगा पावसाने ओढ्यात जातो, एवढे पुरे झाले. रसायन घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. टायर सुरक्षित राहावेत हाच होता. याच संशोधनाच्या मागेपुढे असेही दिसून आले की, रस्त्यावरचे तेच पाणी मातीच्या थरातून गाळून घेतले तर मासे जगतात. मातीची थोरवी आम्हांला इतक्या स्पष्टपणे क्वचितच वाचावयास मिळाली.

कोणी म्हणेल, मावशींच्या विहिरीत सामन मासे नाहीत. खरे आहे. त्या रसायनाने आपल्या विहिरीचे अमुक नुकसान होईल, असे आम्ही म्हणत नाही. सच्छिद्र थर मोटारींचे तेल व धूळ अडवूनही ठेवतो, ही त्याची जमेची बाजू आहे. पण जो थर दुसऱ्यांच्या टायरांचा भुगा अडवावयाचा, तोच आपण टायरांच्या भुग्याने बनवावा काय? नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार सांगतात: प्रयत्न करूनही दूर न होणारे, आणि प्रयत्न केल्यास दूर होण्याजोगे. पहिल्याचा दोष लागत नाही, दुसऱ्याचा लागतो. २०२० पूर्वी ज्यांनी हा भुगा वापरला ते पहिल्या प्रकारात बसतील. आम्ही मात्र हे वाचून बसलो होतो.

सेमिनरीत शिकलेले आणखी एक तत्त्व येथे आठवले. एकाच कृतीचे चांगले व वाईट असे दोन परिणाम होणार असतील, तर ती केव्हा करावी? कृती स्वतः वाईट नसावी, वाईट परिणाम हेतूत नसावा, चांगले हे वाइटाच्या द्वारा साधलेले नसावे आणि चांगल्याचे पारडे पुरेसे जड असावे. पहिल्या तीन अटी आमचा रस्ता सहज पार करीत होता. चौथीपाशी आम्ही अडखळलो. पाठ्यपुस्तकात दोन्ही पारडी एकाच तराजूची असतात. येथे चांगले आमच्या वाट्याला येणार होते: कोरडे पाय, मोटारींना जागा, वाचलेला पैसा, शिवाय पर्यावरण राखल्याचे समाधान. वाईट, झाले तर, उताराखालच्या एका घराच्या वाट्याला. अशा वेळी पारडे जड आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार वर राहणाऱ्यांना आहे काय? मावशींनी सभेत तोंड उघडले म्हणून प्रश्न तरी निघाला. दोन वाड्या पलीकडे राहणारे सभेला येत नाहीत. त्यांच्याही विहिरी आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क म्हटला आहे. आम्ही त्यावर अभ्यासवर्ग घेतले होते, मग ही विहीर आमच्या नजरेतून कशी सुटली, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

तेव्हा टाकाऊ माल वापरूच नये काय? असे म्हणणे हेही आळसाचेच लक्षण ठरेल. सर्व टाकाऊ माल एका जातीचा नसतो. पोलादाच्या भट्टीतील मळी खडीसारखी टणक असते, पण तिच्यात उरलेला चुना पाण्याने फुगतो. म्हणून ती काही काळ उघड्यावर पावसात मुरवूनच वापरतात. जुने सिमेंट फोडून केलेली खडी पाण्याला क्षारता देते, शिवाय तिची भुकटी छिद्रे बुजविते. प्लास्टिकमध्ये पीव्हीसी आले तर तापविताना विषारी वायू सुटतात, म्हणून ते निवडून बाहेर काढावे लागते. आमच्या ४२ गोणींत ते किती होते हे कोणीच पाहिले नव्हते. उलट जुन्या रस्त्यावरून खरवडलेले डांबर पुन्हा रस्त्यासाठी वापरणे ही बरीच सरळ गोष्ट आहे. जे डांबरच होते ते डांबरच राहते. प्रत्येक वस्तूची चौकशी तिच्या नावाने करावी लागते. 'कचरा' या एका शब्दाने सर्वांना पवित्र किंवा अपवित्र ठरविता येत नाही.

आमच्या अभियंत्याने स्वतःच पुढे येऊन आणखी दोन गोष्टी सांगितल्या, आणि याबद्दल त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. आपल्याच योजनेतील उणीव दाखविणारा माणूस विरळा. पहिली अशी की, खडीच्या हौदाचा तळ भूजलाच्या भर पावसाळ्यातल्या पातळीहून बराच वर असला पाहिजे आणि विहिरींपासून अंतर राखले पाहिजे. आमच्या उताराच्या टोकाला ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी हाताने घेता येईल इतके वर येते. तेथे हा रस्ता पाणी जिरवील कोठे? दुसरी गोष्ट देखभालीची. छिद्रे धुळीने, पाल्याने, मातीने बुजतात. वर्षातून दोनदा तरी हवा ओढणाऱ्या यंत्राने ती साफ करावी लागतात, जवळपास वाळूचे ढीग टाकून चालत नाही. हे न केले तर काही वर्षांत तो साध्या रस्त्यासारखा होतो, पण त्याहून कमकुवत. उद्‌घाटनाला फीत कापावयास सर्व येतात. पाचव्या वर्षी एप्रिलमध्ये छिद्रे साफ करावयास कोण येईल, असा प्रश्न त्याने विचारला तेव्हा समितीतील बहुतेकांनी आमच्याकडे पाहिले. धर्मगुरूंची बदली होते, हे ते विसरले असावेत.

चार सभा झाल्या. शेवटी ठरले ते असे. आवाराच्या वरच्या अर्ध्या भागात, विहिरीपासून दूर, सच्छिद्र डांबर घालावयाचे. त्यात खरवडलेले जुने डांबर अभियंता सांगेल तेवढेच, प्लास्टिक नाही, टायर नाही. खालच्या अर्ध्या भागातील सिमेंट फोडून काढावयाचे व तेथे पुन्हा माती. त्यामुळे मोटारींची जागा निम्मी झाली. दूरवरून येणाऱ्या एका कुटुंबाने त्यावरून आम्हांस चांगलेच सुनावले. घरात वृद्ध आजी आहेत, त्यांना रस्त्यापासून चालवत आणणे सोपे नाही. त्यांचे म्हणणे चूक आहे असे आम्ही म्हणू शकलो नाही. त्यांच्यासाठी दाराशी दोन जागा राखून ठेवल्या आहेत, पण वृद्ध माणसे दोनच नाहीत. छिद्रे साफ करण्याची पाळी पुढच्या पाच वर्षांसाठी प्रत्येक वाडीला लावून दिली आहे. यंत्र भाड्याने आणण्याचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात घातला आहे.

मुलांना हे सांगणे सर्वांत कठीण गेले. "म्हणजे आमची मेहनत फुकट?" असे त्यांच्यापैकी एकीने विचारले. फुकट नाही, असे आम्ही म्हणालो, पण आवाज पुरेसा ठाम निघाला नाही. प्लास्टिक निवडून वेगळे करावे आणि घट्ट रस्त्याच्या कामासाठी जो घेईल त्याला द्यावे, असा बेत आहे. निवडण्याचे काम सुरू झाले तेव्हा तीच मुलगी सर्वांत आधी आली. मावशीही आल्या, पडवीत पाट मांडून बसल्या आणि पीव्हीसी कसे ओळखायचे ते तिच्याकडून शिकून घेऊ लागल्या. हे लिहीत असताना ११ गोणी निवडून झाल्या आहेत. उरलेल्या ३१ अजून सभागृहामागे आहेत.